अंतःस्रावी संस्थेचा अभ्यास: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी कोणती पद्धत निवडावी?

नर्सिंगच्या अभ्यासक्रमात अंतःस्रावी संस्था विद्यार्थ्यांच्या वाट्याला दोनदा येते. पहिल्या वर्षी शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्राच्या तासाला ग्रंथी, त्यांची संप्रेरके आणि त्यांची कार्ये शिकवली जातात. पुढे मेडिकल-सर्जिकल नर्सिंगमध्ये त्याच ग्रंथींचे आजार, तपासण्या, औषधे आणि शुश्रूषा यांचा अभ्यास करावा लागतो. जीएनएम (नर्सिंगची पदविका) असो वा बीएस्सी, पहिल्या वर्षी पाठ केलेले दुसऱ्या खेपेला आठवत नाही आणि आजारांचे प्रकरण मात्र त्या विसरलेल्या पायावरच उभे असते. हृदय किंवा फुप्फुस यांसारखा एकच अवयव डोळ्यांसमोर ठेवून हा विषय शिकता येत नाही, कारण इथे ग्रंथी एका ठिकाणी असते, तिचे काम दुसरीकडे चालते आणि बिघाडाची लक्षणे तिसरीकडेच दिसतात.

अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत कोकणातल्या कोणत्याही नर्सिंग वसतिगृहात डोकावले तर या प्रकरणाचा अभ्यास साधारणपणे चार तऱ्हांनी चाललेला दिसेल. काही जणी पुस्तकाच्या क्रमाने एकेक ग्रंथी उरकतात. काही जणी मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपासून खाली उतरणारी नियंत्रणाची साखळी काढून त्यावर सगळे बसवतात. काही जणी ‘जास्त झाले तर काय, कमी झाले तर काय’ अशा जोड्या करतात, आणि ज्यांचे पोस्टिंग चालू आहे त्या वॉर्डातल्या रुग्णावरून मागे पुस्तकाकडे जातात. या चारही पद्धतींना मी तीन कसोट्या लावणार आहे. परीक्षेतल्या सरळ प्रश्नाचे उत्तर त्या पद्धतीने लिहिता येते का, विसरलेली गोष्ट तर्काने परत काढता येते का, आणि रात्रपाळीत खाटेशेजारी उभे असताना ती उपयोगी पडते का. तिसरी कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, तरी पहिल्या दोन टाळून तिथपर्यंत पोहोचता येत नाही.

ग्रंथीनुसार अभ्यास

पुस्तकाचा क्रम धरून पिट्युटरी, थायरॉइड, पॅराथायरॉइड, ॲड्रिनल, स्वादुपिंड असे पुढे जाणे ही सर्वांत रुळलेली पद्धत आहे आणि पहिल्या कसोटीवर ती पूर्ण उतरते. ‘ॲड्रिनल ग्रंथीची रचना व कार्ये लिहा’ असा प्रश्न आला की बाह्यकाचे तीन थर, त्यांतून अनुक्रमे ॲल्डोस्टेरॉन, कॉर्टिसॉल आणि पुरुषसंप्रेरके, तर मध्यकातून ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिन, अशी बांधीव मांडणी तयार असते. आकृती नीट काढून नावे दिली की गुण मिळतात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीने या पद्धतीला कमी लेखू नये, कारण नावे आणि जागा पक्क्या नसतील तर पुढची कोणतीच पद्धत चालणार नाही.

अडचण दुसऱ्या कसोटीवर येते. शरीरातले कॅल्शियम कोण सांभाळते, हा प्रश्न घ्या. पुस्तकाच्या क्रमाने शिकलेल्या विद्यार्थिनीच्या डोक्यात कॅल्सिटोनिन थायरॉइडच्या पानावर असते, पॅराथॉर्मोन पॅराथायरॉइडच्या पानावर, आणि ड जीवनसत्त्वाला सक्रिय करणारे मूत्रपिंड तर दुसऱ्याच प्रकरणात. तिन्ही पाने स्वतंत्रपणे पाठ असूनही थायरॉइडची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या बोटांना मुंग्या का येतात, हे तिला सुचत नाही. थायरॉइडच्या मागे चिकटून असलेल्या चार लहान पॅराथायरॉइड ग्रंथींना शस्त्रक्रियेत इजा होऊ शकते किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटू शकतो, मग पॅराथॉर्मोन घटते, रक्तातले कॅल्शियम उतरते आणि स्नायू व चेता अतिउत्तेजित होतात. ओठांभोवती किंवा बोटांच्या टोकांना मुंग्या, कानासमोर टिचकी मारल्यावर चेहऱ्याचा स्नायू उडणे, रक्तदाबाचा पट्टा फुगवून ठेवल्यावर मनगट वाकणे ही चिन्हे त्यातूनच येतात, आणि म्हणून खाटेजवळ कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवायचे असते. ही जोडणी पुस्तकाच्या क्रमात आपोआप होत नाही. ती मुद्दाम करावी लागते. ग्रंथीनुसार अभ्यास करणाऱ्यांनी प्रत्येक ग्रंथी संपवताना ‘हिच्या शेजारी काय आहे आणि हिच्या कामात आणखी कोणाचा हात आहे’ एवढे एक पान स्वतः लिहिले, तर या पद्धतीतली निम्मी उणीव भरून निघते.

नियंत्रणाच्या साखळीनुसार अभ्यास

माझ्या मते हा विषय समजून घेण्याची खरी वाट ही आहे. हायपोथॅलॅमसने पिट्युटरीला सांगायचे, पिट्युटरीने खालच्या ग्रंथीला सांगायचे, आणि खालच्या ग्रंथीचे संप्रेरक रक्तात पुरेसे झाले की त्यानेच वरच्या दोघांना थांबवायचे, ही ऋण प्रतिपोषणाची मांडणी आहे. परदेशी पुस्तके इथे थर्मोस्टॅटचा दाखला देतात, परंतु आपल्या घरांत तो कुणी पाहिलेला नसतो. त्यापेक्षा गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट आठवावा, जो पाणी वर चढले की आपोआप नळ बंद करतो आणि पातळी उतरली की पुन्हा उघडतो.

एवढे एक चित्र पक्के असेल तर थायरॉइडचा अहवाल वाचता येतो. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) वाढलेले आणि टी-फोर (थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक) कमी असा कागद हातात आला की बऱ्याच विद्यार्थिनी ‘वाढलेले’ हा शब्द पाहून हायपरथायरॉइडिझम लिहून मोकळ्या होतात. साखळी काढणारी विद्यार्थिनी विचार करते की टीएसएच हे पिट्युटरीचे आहे, खालून उत्तर येत नाही म्हणून पिट्युटरी जोराने हाका मारते आहे, म्हणजे बिघाड थायरॉइडमध्ये आहे आणि ती मंद आहे. टीएसएच आणि टी-फोर दोन्ही कमी असतील तर हाक मारणारीच गप्प आहे, म्हणजे दोष वर, पिट्युटरीत किंवा हायपोथॅलॅमसमध्ये असण्याची शक्यता. टी-फोर जास्त आणि टीएसएच जवळजवळ नाहीसे असेल तर थायरॉइड कुणाचे न ऐकता काम करते आहे. चार ओळींच्या आकृतीतून सगळी उत्तरे निघतात आणि त्यासाठी वेगळे काही पाठ करावे लागत नाही.

साखळीचे खरे बळ ॲड्रिनलच्या बाबतीत दिसते. ॲडिसनच्या आजारात त्वचा काळवंडते, हे प्रत्येक वहीत लिहिलेले असते, पण का, ते क्वचित लिहिलेले असते. ॲड्रिनलचे बाह्यक निकामी झाल्यावर कॉर्टिसॉल घटते, रोखणारे कुणी नसल्याने पिट्युटरी एसीटीएच (ॲड्रिनलच्या बाह्यकाला चालना देणारे संप्रेरक) वाढवत जाते, आणि एसीटीएच ज्या मोठ्या प्रथिनातून तयार होते त्यातूनच रंगद्रव्य पेशींना चालना देणारे घटकही तयार होतात. तळहाताच्या रेषा, हिरड्या, जुने व्रण गडद होतात ते यामुळे. मग पुढचा प्रश्न विद्यार्थिनीला स्वतःच सोडवता येतो: कॉर्टिसॉलची कमतरता पिट्युटरीच्या दोषामुळे असेल तर त्वचा काळवंडेल का? नाही, कारण तिथे एसीटीएचच कमी आहे. आणि पोटॅशियम? तेही सहसा वाढत नाही, कारण ॲल्डोस्टेरॉनवर मुख्य हुकूम एसीटीएचचा चालत नाही, तो मूत्रपिंडाच्या रेनिन-अँजिओटेन्सिन यंत्रणेचा आणि पोटॅशियमच्या पातळीचा चालतो. पाठांतराच्या वहीत ही दोन उत्तरे सापडणार नाहीत, साखळीत सापडतात.

रुग्णाला स्टेरॉइडच्या गोळ्या एकदम बंद करू नका असे आपण बजावतो, त्यामागेही हीच साखळी आहे. बाहेरून येणाऱ्या स्टेरॉइडमुळे वरच्या दोन्ही पायऱ्या बराच काळ थांबलेल्या असतात आणि ॲड्रिनल आळसावलेली असते. गोळी अचानक थांबली तर शरीराकडे स्वतःचे कॉर्टिसॉल नसते आणि ताप, शस्त्रक्रिया किंवा जुलाब यांच्या ताणात रक्तदाब कोसळू शकतो. कोकणात सांधेदुखी आणि दमा यांसाठी वर्षानुवर्षे स्टेरॉइड घेणारे आणि ‘बरे वाटले म्हणून थांबवले’ असे सांगणारे रुग्ण ओपीडीत भेटतात. त्यांना नुसते ‘बंद करू नका’ म्हणण्यापेक्षा कारण सांगितले तर ते ऐकतात, आणि कारण सांगायचे तर ते आपल्याला आधी कळलेले असावे लागते.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. इन्शुलिन आणि ग्लुकॅगॉन यांना पिट्युटरीच्या हुकमाची गरज नाही, ते रक्तातल्या साखरेलाच उत्तर देतात. पॅराथॉर्मोन कॅल्शियमला उत्तर देते. एडीएच (मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला लावणारे संप्रेरक) आणि ऑक्सिटोसिन हायपोथॅलॅमसमध्ये तयार होतात आणि पश्च पिट्युटरीत फक्त साठवले जातात. सगळेच तीन पायऱ्यांच्या साखळीत कोंबायला गेले तर गोंधळ वाढतो. म्हणून वहीच्या एका पानावर तीन पायऱ्यांच्या साखळ्या आणि समोरच्या पानावर ‘थेट रक्तातल्या घटकाला उत्तर देणारी’ संप्रेरके, अशी सरळ विभागणी करावी. ही पद्धत सुरुवातीला वेळ खाते आणि पहिल्या आठवड्यात काहीच पाठ झाले नाही असे वाटते. त्या टप्प्यावर पुष्कळ जणी ती सोडून देतात, हे मला खरोखर खटकते.

उलट-सुलट जोड्या

कुशिंग (कॉर्टिसॉल जास्त) आणि ॲडिसन (कॉर्टिसॉल कमी), हायपर आणि हायपो थायरॉइड, एडीएच जास्त आणि एडीएच कमी अशा जोड्या समोरासमोर दोन स्तंभांत लिहिणे ही परीक्षेच्या तोंडावरची सर्वांत लोकप्रिय तऱ्हा आहे. बहुपर्यायी प्रश्नांत ती चटकन कामी येते, कारण एक बाजू आठवली की दुसरी बहुतेक वेळा उलटी करून मिळते. कुशिंगमध्ये सोडियम आणि पाणी धरून ठेवले जाते, रक्तदाब व साखर चढते, पोटॅशियम उतरते. ॲडिसनमध्ये सोडियम, रक्तदाब व साखर उतरतात आणि पोटॅशियम चढते. पुढच्या शुश्रूषेची दिशाही त्यातच दिसते: ॲडिसनच्या रुग्णाच्या हृदयाची लय का पाहायची, तर पोटॅशियमसाठी, कुशिंगच्या रुग्णाला संसर्गापासून का जपायचे, तर कॉर्टिसॉल प्रतिकारशक्ती दाबते म्हणून.

एडीएचची जोडी मात्र जपून लिहावी, कारण नेमक्या तिथेच उत्तरे उलटी होतात. एडीएच कमी असेल तर मूत्रपिंड पाणी सोडत राहते, लघवी भरपूर आणि पाण्यासारखी, तिची विशिष्ट घनता १.००५ च्या खाली, रक्त आटलेले आणि सोडियम १४५ च्या वर. एडीएच नको इतके असेल, म्हणजे एसआयएडीएचमध्ये, पाणी अडते, लघवी कमी आणि दाट, रक्त पातळ आणि सोडियम १३५ च्या खाली. विद्यार्थिनी विचारतात की पाणी अडले तर सोडियमही अडेल ना? इथे सोडियम शरीरातून हरवलेले नसते, पाणी वाढल्यामुळे ते विरळ झालेले असते, आणि म्हणूनच पहिली शुश्रूषा पाणी मोजून देण्याची असते; सोडियम फार खाली गेले तर झटके येऊ शकतात, त्यासाठी खाटेची बाजू वर करून ठेवायची. पहिल्या आजाराला डायबिटिस इन्सिपिडस म्हणतात, आणि नावातल्या ‘डायबिटिस’मुळे रुग्णाच्या औषधांत गोंधळ होतो म्हणून २०२२ मध्ये तज्ज्ञांनी त्याला व्हॅसोप्रेसिनची कमतरता किंवा व्हॅसोप्रेसिनला प्रतिरोध असे म्हणावे, असे सुचवले. नव्या पुस्तकांत दोन्ही नावे भेटतील, तेव्हा दोन्ही ओळखीची असावीत.

जोड्यांचा धोका असा की शरीर प्रत्येक वेळी आरशासारखे वागत नाही. गलगंड थायरॉइडचे काम वाढलेले असतानाही दिसतो आणि मंदावलेले असतानाही. डोळे बाहेर येणे हे ग्रेव्ह्जच्या आजाराचे स्वतःचे लक्षण आहे, त्याला उलटी बाजू नाही. डीकेए (डायबिटिक कीटोॲसिडोसिस) आणि एचएचएस (हायपरऑस्मोलर हायपरग्लायसेमिक स्टेट) या मधुमेहाच्या दोन आणीबाणींना तर जोडी म्हणून शिकवतात, पण त्या एकमेकींच्या विरुद्ध मुळीच नाहीत; दोन्हीत साखर चढलेली आणि शरीर कोरडे पडलेले असते. फरक असा की डीकेएमध्ये इन्शुलिन जवळजवळ नसल्याने चरबी जळून कीटोन तयार होतात, रक्त आम्लधर्मी होते आणि रुग्ण खोल, वेगवान श्वास घेतो. एचएचएसमध्ये थोडे इन्शुलिन शिल्लक असल्याने कीटोन फारसे होत नाहीत, पण साखर ६०० च्या वर जाते आणि बहुधा वयस्क रुग्ण गुंगीत जातो. डीकेएसाठी जुनी पुस्तके २५० ही मर्यादा देतात, तर २०२४ च्या आंतरराष्ट्रीय सहमती अहवालाने ती २०० वर आणली आहे. परीक्षेत आपल्या पाठ्यपुस्तकातला आकडा लिहावा आणि वॉर्डात आकड्यापेक्षा कीटोन व श्वास पाहावा. इन्शुलिन सुरू करण्याआधी पोटॅशियमचा अहवाल का मागतात, हेही इथेच समजून घ्यावे, कारण शरीरातले पोटॅशियम आधीच लघवीवाटे गेलेले असते आणि इन्शुलिन उरलेले पेशींत ढकलते.

पहिली अक्षरे जोडून केलेल्या शब्दांबद्दल थोडक्यात सांगते. अग्र पिट्युटरीच्या सहा संप्रेरकांसारख्या निव्वळ यादीसाठी ते ठीक आहेत. लक्षणांसाठी ते वापरू नयेत, कारण अक्षर आठवते आणि ते कोणत्या आजाराचे ते आठवत नाही.

रुग्णावरून पुस्तकाकडे

तिसऱ्या कसोटीवर ही पद्धत सर्वांत पुढे आहे. जिल्हा रुग्णालय असो की उपजिल्हा, मेडिकल वॉर्डात मधुमेहाचा रुग्ण नाही असा दिवस विरळा, आणि एका मधुमेही रुग्णाचा केअर प्लॅन मन लावून केला तर स्वादुपिंडाचे प्रकरण वेगळे वाचावे लागत नाही.

इन्शुलिनच्या सिरिंजचेच पाहा. भारतात इन्शुलिन मुख्यतः दोन तीव्रतांत मिळते. कुपीत बहुधा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात आणि पेनच्या कार्ट्रिजमध्ये १००. शंभराच्या कुप्याही मिळतात. सिरिंजही दोन प्रकारच्या, चाळिशीची लाल टोपणाची आणि शंभराची नारिंगी टोपणाची. परदेशी पुस्तकांत बहुधा शंभराचीच माहिती असते, म्हणून पुस्तकावरच अवलंबून राहिलेल्या विद्यार्थिनीला हा भेद वॉर्डात पहिल्यांदा दिसतो. समजा २० युनिट लिहून दिले आहेत. चाळिशीच्या कुपीतून नारिंगी टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले तर आत ०.२ मिलिलिटर आले, म्हणजे प्रत्यक्षात फक्त ८ युनिट. उलट, शंभराच्या कुपीतून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले तर ०.५ मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट, अडीचपट मात्रा. हे गणित एकदा कागदावर स्वतः करावे आणि त्यानंतर प्रत्येक वेळी कुपीवरचा आकडा व टोपणाचा रंग जुळवूनच सुई लावावी. साधे, म्हणजे स्वच्छ दिसणारे, आणि दुधी इन्शुलिन एकाच सिरिंजमध्ये घ्यायचे असेल तर आधी दुधी कुपीत हवा, मग साध्या कुपीत हवा, मग साधे भरून घ्यायचे आणि शेवटी दुधी. क्रम चुकला तर दुधी इन्शुलिन साध्या कुपीत उतरते आणि त्या कुपीचा पुढचा प्रत्येक डोस बिघडतो.

साखर उतरलेला रुग्ण पुस्तकाच्या भाषेत लक्षणे सांगत नाही. ओरोस किंवा कणकवलीच्या वॉर्डात म्हातारी ‘माका गरगरता, घाम सुटलो हा’ एवढेच म्हणेल, आणि ते ऐकल्याबरोबर ग्लुकोमीटर आणायला हवा. साखर ७० च्या खाली आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम लगेच शोषली जाणारी साखर, म्हणजे साधारण तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडाने काहीही द्यायचे नाही आणि डॉक्टरांना बोलावून शिरेतून डेक्स्ट्रोजची तयारी करायची. नातेवाईक अशा वेळी मायेने घरचे काहीतरी पुढे करतात. कोकमाच्या सरबतात साखर असते, आगळात नसते, आणि सोलकढीत साखर तर नसतेच, उलट नारळाच्या दुधातली चरबी असते. दिसायला तिन्ही लाल-गुलाबी असली तरी या क्षणी उपयोगाचे एकच आहे. आहाराची माहिती घेतानाही प्रश्न इथल्या रीतीने विचारावा. ‘नाश्ता केला का?’ याला ‘नाही’ असे उत्तर मिळू शकते आणि सकाळी उकड्या तांदळाची पेज मात्र झालेली असते. थायरॉइडच्या गोळीचेही तसेच. ती उपाशीपोटी, फक्त पाण्याबरोबर, न्याहारीच्या किमान अर्धा तास आधी घ्यायची असते आणि लोह किंवा कॅल्शियमच्या गोळीपासून चार तास दूर ठेवायची असते, पण कित्येकांच्या लेखी चहा म्हणजे खाणे नव्हे, त्यामुळे ‘गोळीआधी चहा घेतला का?’ असे वेगळे विचारावेच लागते.

कम्युनिटी पोस्टिंगमध्येही ही पद्धत चालते. शिरोड्यासारख्या मिठागरांच्या पट्ट्यात ‘समुद्राच्या मिठात आयोडीन असतेच’ असा समज भेटतो. वास्तविक समुद्राचे पाणी आटवून केलेल्या खडे मिठात आयोडीन नगण्य असते, ते बाहेरून मिसळावे लागते. १९६२ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९९२ पासून आयोडीन कमतरता विकारांचा कार्यक्रम झाला, तो केवळ गलगंडापुरता प्रश्न नाही हे लक्षात आल्यामुळे, कारण गरोदरपणातल्या कमतरतेचा परिणाम बाळाच्या मेंदूवर होतो. घरभेटीत हे समजावून सांगितलेली विद्यार्थिनी आयोडीन आणि टी-फोर यांचे नाते विसरत नाही.

मात्र केवळ रुग्णांच्या भरवशावर राहणे चुकीचे ठरेल. आपल्या वॉर्डांत मधुमेह आणि थायरॉइड पुष्कळ दिसतात. ॲक्रोमेगाली (वाढीचे संप्रेरक जास्त होणे), फिओक्रोमोसायटोमा (ॲड्रिनलच्या मध्यकातली गाठ), ॲडिसनचा आणीबाणीचा प्रसंग पूर्ण शिक्षणात एकदाही पाहायला मिळणार नाही, असे होऊ शकते. परीक्षेत ते विचारले जातात आणि प्रत्यक्षात कधी समोर आले तर ओळखण्याची संधीही एकदाच मिळते.

लक्षात ठेवण्याची साधने

पद्धत कोणतीही निवडली तरी तीच पाने पुन्हा पुन्हा वाचून रंगीत पेनाने अधोरेखित करणे हे सर्वांत दुबळे साधन आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी दाखवले की उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवते, परंतु दोन दिवसांनी आणि आठवड्याने, उतारा झाकून आठवून लिहिणारे त्यांच्या पुढे असतात. पुन्हा वाचताना सगळे येते असे वाटते, ती ओळख असते. कोऱ्या कागदावर साखळी काढायला बसले की काय येत नाही ते पाच मिनिटांत कळते.

कार्डे कागदाची करावीत की मोबाइलवर, यावर वसतिगृहांत बरीच चर्चा होते. अँकीसारखे ॲप कोणते कार्ड कधी दाखवायचे ते स्वतः ठरवते, अँड्रॉइडवर मोफत आहे आणि इंटरनेटशिवाय चालते. आयफोनवर त्याचे पैसे पडतात. पावसाळ्यात वीज गेली आणि फोन उतरला की कागदी कार्डेच उरतात, शिवाय गावाहून कॉलेजला येताना एसटीत उभ्याने ती हाताळता येतात. दुसऱ्याने तयार केलेला हजार कार्डांचा गठ्ठा उतरवून घेण्यापेक्षा स्वतः केलेली थोडी कार्डे चांगली, एवढे मी ठामपणे सांगेन. कार्डावर ‘ॲडिसनची लक्षणे’ असे न लिहिता ‘ॲडिसनमध्ये पोटॅशियम का वाढते?’ असे लिहावे.

कोणी काय निवडावे

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीने ग्रंथीनुसार वाचावे, मात्र प्रत्येक ग्रंथीनंतर तिची साखळी किंवा तिला चालवणारा रक्तातला घटक कागदावर काढावा. मेडिकल-सर्जिकलला पोहोचलेल्या विद्यार्थिनीने सुरुवातच साखळीने करावी आणि ती जमल्यावर जोड्या लिहाव्यात. साखळीशिवाय लिहिलेल्या जोड्या महिनाभरात उलट्या आठवू लागतात. परीक्षा पंधरा दिवसांवर आली असेल तर नव्याने साखळ्या उभारायला वेळ नाही, तेव्हा थायरॉइड, ॲड्रिनल आणि एडीएच या तीनच जोड्या आणि मधुमेहाच्या आणीबाणी एवढे पक्के करावे व बाकी पुस्तकातून वाचून जावे. एम्सच्या नॉरसेटसारख्या भरती परीक्षांची तयारी करणाऱ्यांसाठी जोड्या आणि अहवाल वाचण्याचा सराव हे सर्वाधिक उपयोगाचे, कारण तिथे प्रश्न बहुपर्यायी असतात आणि रुग्णाचे आकडे देऊन ‘परिचारिकेने आधी काय करावे’ असे विचारले जाते.

आणि ज्यांचे पोस्टिंग आता मेडिकल वॉर्डात लागले आहे, त्यांनी आपल्या रुग्णाच्या केसपेपरवरची औषधे घेऊन ती साखळीवर जागच्या जागी लिहावीत. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडातल्या बीटा पेशींपाशी, कारण ते इन्शुलिन सोडायला लावते आणि म्हणून जेवण चुकले तर साखर उतरते. मेटफॉर्मिन यकृतापाशी, कारण ते मुख्यतः यकृतातून येणारी साखर रोखते आणि एकटे असताना सहसा साखर फार उतरवत नाही. थायरॉइडचे काम कमी करणारे कार्बिमॅझोल थायरॉइडच्या आत, आणि त्याच्या शेजारी लाल पेनाने ‘घसा दुखून ताप आला तर लगेच रक्त तपासणी’, कारण ते क्वचित पांढऱ्या पेशी कमी करते. थायरॉक्सिन रक्तात, आणि शेजारी ‘मात्रा बदलल्यास टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी’. त्या कागदावरून इन्चार्ज सिस्टरना किंवा ट्यूटरना आपली केस तोंडी सांगून पाहावी, आणि त्यांनी ‘का?’ विचारल्यावर जिथे थांबावे लागेल त्या जागेचे पान त्याच संध्याकाळी उघडावे.